‘ये’ म्हणायचं राहिलं

कॉम्प्युटर अडला की प्रत्येकाला वाटतं, आपल्याच ऑफिसात भूत शिरलंय. मी म्हणतो, आधी वायर बघा. चिखलीच्या आसपास बऱ्याच ऑफिसांत माझे प्रोग्राम चालतात. आजवर मला भूत भेटलं नाही, चहा सांडलेले कीबोर्ड मात्र पुष्कळ भेटले.

शेषराव काकांची भाजीपाल्याची रोपवाटिका मेहकर रस्त्यावर आहे. मिरची-टोमॅटोच्या रोपांचं बुकिंग दोन कॉम्प्युटरवर चालायचं, फाइल मात्र एकच, एका वेळी एकालाच लिहिता येणारी. एकावर काका बसायचे, दुसऱ्यावर त्यांच्याकडे कामाला असलेली मंजुश्री. प्रोग्राम माझा, पण त्यातले शब्द तिचे. ‘बाहेर पडा’ हे बटण बघून ती खवळली होती.

"काऊन हाकलता हो भाऊ? मानूस जातानी ‘येते’ म्हन्ते. आन् मागचा ‘ये’ म्हन्ते."

मग तसंच केलं. तिनं ‘येते’ दाबलं की काकांच्या पडद्यावर चौकट उघडायची, ‘मंजुश्री: येते’. खाली एकच बटण, ‘ये’. काकांनी ते दाबल्यावरच तिचं नाव फाइलीवरून निघायचं. सकाळी ती बसली की ‘मंजुश्री: आली’. मला हे सगळे चाळे वाटायचे, पण पोरगी लाघवी होती आणि मला धाकट्या बहिणीसारखी वाटायची.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती रोपवाटिकेतून निघाली, जीपमध्ये बसली आणि ती जीप रस्त्यात उलटली. मंजुश्री गेली.

मिरचीचं बुकिंग सुरू झालं तेव्हा काकांचा फोन आला. "अश्वजित भाऊ, फाइल उघडते, पन काही लिहू देत नाही. मंजुश्री वापरून राह्यली म्हन्ते."

मी हसलो नाही, पण घाबरलोही नाही. फाइल कोण उघडून बसलंय, याची एक छोटी खूणफाइल बाजूला तयार होते. वीज अवेळी गेली की ती पुसायची राहते आणि गेलेला माणूस बसलेला दिसतो. आपण ती पुसायची, संपलं.

भर दुपारी गेलो. खूणफाइल पुसली. काकांनी बुकिंग उघडलं, तर वर पुन्हा तिचं नाव. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेच. तिचा कॉम्प्युटर कोपऱ्यात झाकून ठेवला होता. प्लग काढलेला, नेटवर्कची वायर गुंडाळून वर ठेवलेली. मी हात लावून पाहिला, थंडगार होता.

तेवढ्यात काकांच्या पडद्यावर चौकट उघडली. ‘मंजुश्री: येते.’

काकांनी घाईघाईनं ‘ये’ दाबलं. चौकट मिटली आणि लगेच उघडली. मी दाबलं. पुन्हा तेच. मला भीती वाटली. सगळ्यांच्या भुतांची टिंगल करणारा मी, माझ्याच प्रोग्रामला घाबरलो.

"माह्या हातानं नाही ऐकत थे," काका हळूच म्हणाले.

दारात कलाबाई उभ्या होत्या. मंजुश्रीची आई. इथंच रोपांचे ट्रे भरतात, हात मातीनं माखलेले. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं.

"काय म्हनून राह्यली थे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "येते म्हणतेय, मावशी."

कलाबाई खाली बसल्या. "त्या दिशी आमचं भांडन झालतं. मेहकरचं स्थळ तिले नको होतं, मले पायजे होतं. याच दारात उभी राहून म्हने, माय, येते मी. म्या तोंड फिरवलं. पुन्यांदा म्हने. म्या ‘ये’ म्हटलंच नाही. तशीच गेली माही पोर."

काका डोळे पुसत होते.

कलाबाईंनी पदराला हात पुसले आणि विचारलं, "कुठचं बटन दाबू?" मी बाण ‘ये’वर नेऊन त्यांचा हात माउसवर ठेवला. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. दाराकडे बघत म्हणाल्या, "ये वं माय. ये." आणि बोट दाबलं.

चौकट मिटली. आम्ही तिघंही थांबलो. पुन्हा उघडली नाही. यादीत आता फक्त काकांचं नाव. त्यांनी एका शेतकऱ्याचं बुकिंग लिहिलं, तेही नीट उतरलं. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी बॅग भरता भरता वायरला दोष देणारं एक कारण मनात जुळवत होतो.

कलाबाई मात्र कोपऱ्यात गेल्या होत्या. त्यांनी तिच्या कॉम्प्युटरवरचं कापड काढून घडी केली, खुर्ची ओढली आणि पदरानं पुसायला लागल्या.

"मावशी, खुर्ची काय पुसता? सुटली ती आता."

त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं नाही, अगदी शहाण्या बाईसारखं पाहिलं. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं.

"म्या ये म्हटलं ना तिले."

काकांचा हात कीबोर्डवरच राहिला. त्यांच्या पडद्यावर नवी चौकट उघडली होती.

‘मंजुश्री: आली.’

खाली बटण नव्हतं. ते मी कधी ठेवलंच नव्हतं. आलेल्या माणसाला काय विचारायचं असतं?

मी बॅग उचलली आणि दारापर्यंत आलो. सवयीनं ‘येतो’ हा शब्द ओठांवर आला होता. तो मी गिळला.

"जातो," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा.