निरोगी रक्तातली रेघ

वैशाखातल्या कोवळ्या उन्हासमोर ओली फिल्म दोन्ही हातांनी धरून उभी राहिलेली, फिल्मवरून कोपरापर्यंत ओघळणाऱ्या पाण्याचं भान नसलेली, श्वाससुद्धा जपून घेणारी सुनंदाताई. थोरल्या बहिणीचं हे रूप तिचा डबा घेऊन प्रयोगशाळेत जाताना मी कितीदा पाहिलं असेल!

आयातीची दारं नुकतीच उघडली होती. पूर्वी परवान्यांत अडकून पडणारी रसायनं आता बर्फाच्या खोक्यांतून भराभर हैदराबादेत येत, आणि खोकं फोडताना ताई लहान पोरीसारखी हरखून जाई. पेशीतल्या जनुकांवर बसणाऱ्या सूक्ष्म रासायनिक खुणा ती शोधत होती. खूण बसली की जनुक तेच राहतं, पण निजतं. राखणदार जनुकच निजलं की कर्करोगाला रान मोकळं. रक्ताच्या कर्करोगात त्या खुणेची काळी रेघ फिल्मवर उमटे, निरोगी रक्ताची जागा कोरी राही.

हे निरोगी रक्त प्रयोगशाळेतलीच मंडळी आळीपाळीनं देत. सगळी पंचविशीतली! एकदा निम्मीअधिक तापानं आडवी झाली, म्हणून ताईनं घरी बाबांचीच बाही वर सारली. जामबागेतल्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले, ठणठणीत बाबा. त्यांच्या जागी फिकट रेघ आली.

"नळ्या बदलल्या असतील," तिचे सर म्हणाले. बदलल्या नव्हत्या, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. बाबांना आतून रोग लागला असेल का, या भीतीनं ती त्यांच्याशी नजर मिळवेना. तिनं त्यांना इस्पितळात तपासायला लावलं आणि मलकपेठेत त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या सहा म्हाताऱ्यांचं रक्त मागून आणलं.

आणि एका दुपारी ती चपलांसकट घरात धावत आली.

"बाबा, सहाही जणांना आहे! तुमचा रिपोर्टही चांगला आलाय! ही रेघ वयाची आहे. रोग ज्या वाटेनं येतो, त्याच वाटेवर वय आधीपासून खुणा करत असतं. आणि आम्ही वेडे, तरुण म्हणजेच निरोगी धरून बसलो होतो!"

"हौ, म्हणजे मी नुसता म्हातारा झालोय," बाबा म्हणाले. "एवढ्यासाठी रक्त कशाला काढायचं? तुझ्या आईला विचारायचं होतं ना!"

ताई हसत सुटली, आई हसली, आणि मी सुटकेच्या आनंदानं खुळ्यासारखी रडले.

बाबा पुढे पुष्कळ वर्षं जगले. आता ते नाहीत, ताईचेही केस पिकले. आणि त्या दुपारची आठवण आली की वाटतं, काळ आपल्या माणसांना एकाएकी नेत नाही, ती आपल्यासमोर हसत बसलेली असतानाच तो त्यांना हळूहळू नेत असतो.