फिरत्या खुर्चीची चुळबूळ

मित्रांनो, खुर्चीने एका जागी गप्प राहावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते कधी जमलंच नाही. मी फिरती खुर्ची आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. माझ्या हातांमधून स्पंज डोकावतो, आणि कोणी बसलं की मी हळूहळू खाली जाते.

माझा जन्म कारखान्यातला. तरुणपणी मी एका कचेरीत होते. तिथे नवं सामान आलं आणि माझी रवानगी जुन्या फर्निचरच्या दुकानात झाली. तिथून भूगोलाच्या एका मास्तरांनी मला घरी आणलं. त्यांची मुलगी रसायनशास्त्र शिकत होती. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळं घरच ताई म्हणायचं. अभ्यास अडला की ताई मला डावीकडे, उजवीकडे फिरवत राही. उत्तर सापडलं की मी थांबे.

पुढे ताई जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत लागली. सगळं गाव पितं ते पाणी तिच्या नजरेखालून जायचं. मास्तर भेटेल त्याला हे सांगत सुटायचे.

मग एका सकाळी मास्तर न्हाणीघरात पडले. अर्धं अंग लुळं झालं, बोलणं तुटक झालं. ताईची आई आधीच गेली होती, भाऊ दूर नोकरीला. ताईने राजीनामा दिला. त्यानंतर माझ्यावर कोणी बसलंच नाही. धुतलेल्या चादरी, टॉवेल, औषधांच्या पिशव्या, असा डोंगरच माझ्या अंगावर चढला. काही वर्षं मला खोलीची खिडकीसुद्धा दिसली नाही.

एके दिवशी ताईने तो डोंगर भराभरा उपसला. तिच्याच जुन्या प्रयोगशाळेत प्रमुखाची जागा निघाली होती आणि मुलाखत घरूनच, संगणकावर द्यायची होती.

तेव्हापासून मला क्षणाची उसंत नाही. ताई बसायची, उठायची, पुन्हा बसायची. नव्या यंत्रांची माहिती वाचायची आणि कपाटाला सांगायची. मध्येच मास्तरांना पाणी द्यायला पळायची. भावाचा फोन आला, तोही स्पीकरवर.

"ताई, मधल्या वर्षांचं विचारलं तर सांग की पुढचं शिकत होते. उगाच घरचं रडगाणं नको."

"बघू," असं म्हणून ताईने मला एक पूर्ण गिरकी दिली.

पलंगावरून मास्तर सगळं ऐकत होते. "मी... घेतो मुलाखत," ते म्हणाले. ताई हसली. तिने मला पलंगासमोर ओढलं आणि ताठ बसली.

"नोकरी... का सोडली?"

"काही घरगुती कारणं होती, सर."

"कोणती?"

ताईने मला गर्रकन भिंतीकडे वळवलं. "बाबा, एवढं खोदून कोणी विचारत नाही."

"मी... विचारतोय."

"जाऊ द्या ना!"

"माझ्यासाठी... सोडलीस. मग मला... लपवतेस का? मी काय... चोरीचा माल आहे?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून!"

"लपवलंस... की वाटतं."

ताईचं तोंड भिंतीकडेच होतं. तिचे खांदे हलत होते, ते माझ्या पाठीला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातलीच विजार घालून ताई संगणकासमोर बसली. पडद्यावर तिघे जण होते. पाण्याबद्दलच्या प्रश्नांना तिने धडाधड उत्तरं दिली. मग चष्मेवाल्या साहेबांनी विचारलंच, "मधली वर्षं काय करत होतात?"

ताईने टाच माझ्या चाकावर घट्ट रोवली. "वडिलांना अर्धांगवायू झाला होता. मी त्यांना सांभाळत होते."

समितीतल्या बाईंनी विचारलं, "आता कसे आहेत?"

"बरे आहेत. काल त्यांनीच माझी मुलाखत घेतली. तुमच्यापेक्षा कडक होते."

तिघेही हसले. पलंगावरून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला खरा नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

"पण पुन्हा तशी वेळ आली तर?" साहेब काही सोडेनात.

"तर रजा मागेन. तेव्हा मागितलीच नाही, सरळ नोकरीच सोडून दिली. आता भावाशी बोलेन, मदतीला बाई ठेवेन. एकटीने सगळं ओढणार नाही."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. फोन वाजला की आम्ही दोघी दचकायचो. अखेर फोन आला. प्रमुखाची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली होती. पण त्यांच्या हाताखाली एक जागा आहे, याल का, असं समितीतल्या त्या बाईंनी विचारलं. ताईचा चेहरा पडला. तिने मला एकदा डावीकडे नेलं, एकदा उजवीकडे. मग म्हणाली, "येते."

आता ताई रोज कामावर जाते आणि मदतनीस मावशी मास्तरांना माझ्यावर बसवून खिडकीशी नेतात. संध्याकाळ झाली की ते चांगल्या पायाने मला सारखे हलवत राहतात, रस्त्याकडे मान वळवतात. "आली का?" "येईल हो, आत्ताशी तर सुटली असेल!" मावशी वैतागून सांगतात.

मित्रांनो, माझ्या चाकांत केस अडकले आहेत, ते कोणी काढले तर मी ऋणी राहीन. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. तुमच्या घरात कोणी असं बसल्या जागी चुळबुळत असेल, तर त्याला "नीट बस" म्हणून दटावू नका. एक स्टूल ओढून त्याच्यासमोर बसा आणि विचारा, काय झालंय.