मोहरीएवढी पुळी

नळाची तोटी हातात आली की माझं बोट आपोआप तिच्या पोटाशी जातं. तिथे एक पुळी असते, मोहरीएवढी. पाण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. बाबा तोट्या ओतायचे; त्यांच्या साच्याचा टवका उडाला होता, म्हणून ती उमटायची. बाबा गेल्यावर दादाने नवा साचा केला, तोही पुळीसकट. "राहू दे गं, बाबांची आठवण," म्हणाला.

मग परदेशी कंपनी आली. बाजारातून नमुने उचलले, त्यात दादाची तोटी होती. त्या शहाण्यांनी पुळीचंसुद्धा माप घेतलं, नकाशात काढलं आणि अख्ख्या डिझाइनची नोंदणी स्वतःच्या नावावर करून घेतली! मी त्यांच्याच कारखान्यात तपासनीस. नकाशा पाहिला तेव्हा हसावं की रडावं कळेना. पण तोंड उघडलं नाही. गल्लीतली निम्मी घरं त्या कारखान्यावर जगतात. दादाची लेकही तिथेच लागलीय.

गेल्या आठवड्यात साहेबाचं फर्मान निघालं: नकला बंद झालेल्या दिसल्या तरच दुसरा कारखाना, नाहीतर गाशा गुंडाळू. पहिली धाड कुठे? दादाच्या वर्कशॉपवर! आणि माल ओळखायला कोण? मी! दादा माझा सख्खा भाऊ, हे साहेबाच्या गावीही नव्हतं.

दारात गल्ली जमली होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बोलले तर त्यांच्या चुली विझणार, गप्प बसले तर दादाची. इकडे आड, तिकडे विहीर. तरी माझं रक्त उसळलंच.

"साहेब, ही पुळी मुळात..."

"मॅडम," दादाने मधेच तोडलं. 'ए बुटके'शिवाय जन्मात दुसरी हाक मारली नाही मला त्याने. "तुम्ही कशाला तसदी घेता? मीच नक्कल केली कंपनीची. चुकलो."

साहेब खूश झाला. "नक्कल कशावरून ओळखली, तेवढं सांगा," मला म्हणाला.

दादा फडक्याने हात पुसत होता, पुसतच राहिला. माझ्याकडे बघून त्याने जराशी मान हलवली. सांग म्हणाला.

मी तोटी उलटी केली. "या पुळीवरून," म्हणाले. "ही कंपनीची आहे."

वर्कशॉपला सील लागलं. मी आज पुन्हा कामावर आहे. समोर तोट्यांचा ढीग आहे. जिला पुळी नसेल, ती बाद करायची असते.