केसरबाईंचा दवाखाना

"वर्षाताई, एक विचारू? 'केसरबाईंचा दवाखाना' हे शीर्षक आपल्या कोणत्या नियमात बसतं?"

संजूचा हा प्रश्न पडद्यावर वाचला आणि वर्षाला घाम फुटला. विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हीच तर पंचाईत. संजू मूळचा शहाद्याकडचा, सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी तोही वर्षासारखाच इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात हौसेने लेख लिहायचा. तिथे पगार नाही की साहेब नाही, फक्त एकमेकांच्या चुका काढायची मुभा आहे, आणि ती मंडळी भरपूर वापरतात.

नियम वर्षानेच करून घेतला होता. सरकारी संस्थांच्या लेखांना कुणीही वाटेल ती नावं द्यायचं. कुठे टोपणनाव, कुठे अर्धंमुर्धं, तर कुठे गावाचाच पत्ता नाही. शोधणाऱ्याने शोधावं तरी कसं? वर्षा इरेला पेटली. वाद घालघालून तिने सगळ्यांना एका मतावर आणलं: आधी संस्थेचं अधिकृत नाव, पुढे गाव, लोक काय म्हणतात ते लेखाच्या आत. मग पदर खोचून तिने दिसेल त्या लेखाचं शीर्षक बदललं. त्यात संजूच्या गावची 'पाटलांची शाळा'ही गेली. बिचारा कळवळून म्हणाला होता, आमच्याकडे तिला दुसऱ्या नावाने कुणी ओळखतच नाही. बाईसाहेबांनी त्याला सुनावलं होतं, नियम म्हणजे नियम.

आणि आता स्वतःचाच लेख! नियमाच्या आधी लिहिलेला, म्हणून नजरेतून सुटला, असं तिला म्हणता आलं असतं. पण सुटला कसला? तिने सोडला होता, खोटं कशाला बोला.

त्याला कारण होती तिची लेक गुड्डी. लग्नानंतर वर्षा नाशिकहून सिल्वासाजवळच्या सामरवरणीला आली. नवरा विजय तिथल्या कारखान्यात इंजिनिअर. गुड्डीच्या वेळी आठव्या महिन्यात हौसेने दुधनीला धरणाचं पाणी बघायला गेली आणि तिथेच कळा सुरू झाल्या. विजय तर रडायलाच लागला. गावातल्या सरकारी दवाखान्यात केसरबाई नर्स होत्या, आणि लोक तो दवाखाना त्यांच्याच नावाने ओळखायचे. त्यांनी बाळंतपण केलं, निळसर पडलेल्या पोरीला चोळून चोळून रडवलं, आणि वर विजयला दम दिला की आता तुम्ही रडू नका. ती गुड्डी आज कॉलेजात जाते.

शीर्षक ठेवावं, तर संजूला कोणत्या तोंडाने बोलायचं आणि उद्या नियमाला विचारणार कोण? बदलावं, तर जिने पदरात पोर घातली तिचंच नाव आपल्या हाताने पुसायचं. विजय म्हणाला, त्यांना कुठे कळणार आहे? वर्षा उखडलीच. कळणार नाही म्हणून तर जास्त लागत होतं. रविवारी तिने स्कूटर काढली आणि दुधनी गाठली.

केसरबाई नंदुरबारकडून नोकरीला आलेल्या, निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. वर्षाने ज्ञानकोश म्हणजे काय इथपासून सुरुवात केली आणि अडखळत सगळं सांगितलं. म्हणाली, तुम्ही बदलू नको म्हणालात तर मी सगळ्यांशी भांडेन, पण नाव राहील.

"काढून टाक, माय," केसरबाई म्हणाल्या. "लई बरं होईल."

वर्षाला वाटलं, बाई रागावल्या. तिने त्यांचा हात धरला.

केसरबाईंनी हात सोडवला नाही. वालांनी भरलेलं सूप बाजूला सारून त्या सांगू लागल्या. गावातल्या एका घराशी त्यांचं बिनसलं होतं, नळाच्या पाण्यावरून, अगदी क्षुल्लक. पुढे त्या घरची सून अडली. दवाखाना चार घरं पलीकडे, पण सासूने बजावलं, केसरबाईच्या दवाखान्यात पाय ठेवायचा नाही. टेम्पोत घालून पोरीला सिल्वासाला नेलं. वाटेत खानवेलच्या अलीकडेच मूल गेलं.

"दवाखाना माझा कवा व्हता?" केसरबाई म्हणाल्या. "सरकारचा व्हता. सरकारच्या दारात माझ्याशी भांडलेला बी येतो. माझ्या दारात कशाला येईल? मी किती येळा सांगितलं लोकांना, माझं नाव घेऊ नका. प्रेमानंच घ्यायचे ना, कोण ऐकतंय."

वर्षाचे डोळे भरून आले. माफी मागायला आली होती, आणि इथे मागायचं काही उरलंच नव्हतं. तिने वाकून त्यांचे पाय धरले. म्हणाली, "मावशी, गुड्डीच्या प्रत्येक वाढदिवसाला आधी तुमची आठवण येते. तुमचे उपकार मी कुठे लिहू?"

"आत लिही की, लिहायचंच तर. दारावर नको."

अंगणात फोनला रेंज नव्हती. वर्षा रस्त्याच्या चढावर गेली, उन्हात उभं राहून शीर्षक बदललं आणि परत आली.

"वाच बरं."

"प्राथमिक आरोग्य केंद्र, दुधनी."

"परत वाच."

वर्षाने परत वाचलं. केसरबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "इथं आली असती ती."

आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चहा ठेवायला आत गेल्या.