मनुबाईच्या दारात अडलेली पायली

मित्रांनो, हसू नका. माझ्या बुडाला पोचे आलेत, काठ गंजलाय, तरी मी एक जुनी, मानाची लोखंडी पायली आहे. चार शेर धान्य माझ्या पोटात मावते. तासगावच्या लोहाराने मला घडवले आणि आमच्या गावच्या कोंडीबाने जन्मभर हाताळले. कोंडीबा म्हणजे गावचा मापारी; खळ्यावरचे धान्य मापून देणारा. किलोची वजने आली, तरी लोक म्हणायचे, "कोंडीबाची पायली आना, मगच खरं." अशी फुगायचे मी, की विचारू नका! पाटील असो की गडी, माझे माप सर्वांना सारखे, याचाच मला ताठा.

कोंडीबाचे दोन नेम होते. पायली शीग लावूनच भरायची, म्हणजे काठाच्या वर धान्याचा ढीग दिसला पाहिजे. आणि धान्य घेताना समोरच्याचे भांडे कधी खरवडायचे नाही. तळाला मूठभर ठेवायचे, नाहीतर त्या घरची बरकत जाते.

१९६५ साली पावसाने पाठ फिरवली. रेशनची सरकारी ज्वारी कधी येईल, याचा नेम नव्हता. म्हणून सरपंच जयपाल अण्णांनी चावडीत सभा घेतली. पंचायतीची धान्यकोठी करायची आणि ज्याची चूल विझेल त्याला तीतून द्यायचे, असे ठरले. पण कोठी भरायची कोणी?

"ज्याचं बागायत मोठं, त्यानं जास्त घालावं," अण्णा म्हणाले.

हंबीरराव ताडकन उठले. एवढ्या दुष्काळात त्यांच्या विहिरीवर दहा एकर ऊस हिरवागार होता. "का म्हणून? हिरीत पैका आमी वतला. कष्टाची शिक्षा व्हय ही? घरटी एक पायली, समद्यांना सारखी. आन् जो घालणार न्हाई, त्याला मिळणार न्हाई."

सारखे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? लोकांनी माना डोलावल्या. खरे सांगते, मीही खूश झाले.

सकाळी आम्ही दारोदार निघालो. हंबीररावांच्या कणगीतून मी एका दमात भरले. कणगीला पत्ताही लागला नाही. मग मनुबाईचे दार आले. ही विधवा बाई दोन पोरींना घेऊन मजुरीवर जगायची आणि शेते वाळल्यापासून मजुरीही बंद होती. कोठीचा आधार मिळाला नाही, तर तिला गाव सोडावे लागणार होते.

तिने मडके उपडे केले. मी अर्धीच भरले. ती तळ खरवडू लागली, तसा कोंडीबाने तिचा हात धरला. "आगं, तळ ऱ्हाऊ दे."

"तळ ठिवला तर पायली भरंना, आन् पायली भरली न्हाई तर कोठी मला बंद. सांगा कोंडीबा, काय करू?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. सारखे माप म्हणून मी मिरवत होते आणि त्याच मापाने या बाईचे घर धुऊन निघत होते!

कोंडीबा मला तशीच अर्धी उचलून चावडीत घेऊन गेला. मनुबाई मागोमाग आली. "घर रिकामं झालं, तरी ही भरली न्हाई," तो म्हणाला.

"नेम त्यो नेम," हंबीरराव पुटपुटले.

तेव्हा मनुबाई पुढे झाली. "आवं दादा, हीर तुमची, पैका तुमचा. पर हीर खणाया इर्जिक घातली तवा सारं गाव फुकट राबलं का न्हाई? माज्या मालकानं आठ दिस डोईवर माती वाहिली. त्या पान्यावर तुमचा ऊस हाय. आमी कवा वाटा मागितला? आज पोरींसाठी मागती."

हंबीररावांनी मान खाली घातली.

"खरं हाय," अखेर ते म्हणाले. "बागायताला एकरी दोन पायल्या. माज्यापासनं सुरू करा. मजुराकडनं काय बी घ्यायचं न्हाई."

हुश्श! केवढा भार उतरला म्हणून सांगू! माझ्यातली ज्वारी मनुबाईला परत मिळाली. कोठी भरल्यावर कोंडीबाने मला शीग लावून भरले आणि तिच्या मडक्यात रिते केले. त्या वर्षी आमच्या गावातून एकही घर उठले नाही.

आता मी फळीवर पडून असते. पुढे पाऊस चांगला झाला, पिके आली आणि कोठीत कोणी मूठभरही टाकेनासे झाले. मित्रांनो, मला खुशाल भंगारात द्या. पण कोठी रिकामी ठेवू नका.