चपलांची तोंडं

कमळ्या चढणीवरून वर येताना जयाला दिसला. दारात उभं राहायची आज तिचीच पाळी होती.

कशेळे गावाच्या वरच्या अंगाला, पत्र्याच्या खोलीत, दर रविवारी दुपारी ख्रिस्ती प्रार्थना व्हायची. येणारे बहुतेक दारू सोडलेले, नाहीतर सोडू पाहणारे. नव्या माणसाला काही विचारायचं नाही, ही पाळक किशोरची शिस्त. 'या, बसा' म्हणायचं आणि त्याच्या चपला हातानं उचलून तोंडं बाहेर करून ठेवायच्या. वाटलं तर त्यानं खुशाल उठून जावं, कोणी अडवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, आपल्याला चपला उचलायला काय धाड भरलीय, असं किशोर म्हणायचा. जयानं आजवर कितीतरी जणांच्या उचलल्या होत्या.

पण हा कमळ्या होता. याच्याच भट्टीची दारू पिऊन तिचा नवरा रोहिदास रक्त ओकत गेला होता. आता तोच समोर उभा, डोळे खोल गेलेले, हात लटलटत. भट्टी फोडली, परवापासून थेंब घेतला नाही, म्हणाला. जयाच्या तोंडून 'या' काही निघालं नाही. तो आत शिरल्यावर तिनं त्याच्या चपला पायानं लोटल्या. तोंडं बाहेर झाली, रीत पाळल्यासारखी दिसली. मनातून तिला तो चालता व्हायला हवा होता.

आत गाणं सुरू झालं. बाहेर हवा कोंडली होती, झाडाचं पान हलत नव्हतं. थोड्या वेळानं कमळ्या घामानं निथळत बाहेर आला आणि चपला घालू लागला. थरथरीमुळे अंगठा पट्ट्यात जाईना.

"निघतो, वयनी. तुमी पायानं लोटल्या, मी बगितलं. बरोबरच हाय तुमचं."

"कुटं निघालात?"

"खाली. पन आता खाली गेलो ना, तर परत वर यायचा नाय मी."

ते खरं होतं, हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. जयाला भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली ती स्वतःच्या मनाची. जाऊ दे मेला, असं ते म्हणत होतं. कमळ्या उतरणीला लागला, दगडाला ठेचकाळला, सावरला. तेव्हा कुठे तिला शब्द फुटला.

"भावजी, थांबा. या, बसा."

तो परत आला. उंबऱ्याशी चपला काढल्या आणि तिथंच कोसळला. दातखिळी बसली, दारू एकाएकी तोडल्यावर होतं तसं अंग ताडताड उडू लागलं. जयानं त्याला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि किशोरला हाका मारल्या. जीप आली. चौघांनी उचलून त्याला आत घातलं, किशोर सोबत गेला. कमळ्या शुद्धीवर नव्हता.

माणसं पांगली. तिन्हीसांजा झाल्या तरी इस्पितळातून फोन नव्हता. कमळ्याच्या चपला उंबऱ्याशीच राहिल्या होत्या, एक उपडी. जयानं त्या हातानं उचलल्या, पदरानं पुसल्या. रीत तोंडं बाहेर करायची होती. तिनं ती आत केली आणि फोन मांडीवर घेऊन शेजारी बसून राहिली.