ढोरवाटांचा नकाशा

“पोरी, तुह्या कागदानं मले भर उन्हात कोसभर फिरवलं!” गावाची गुरं राखणारा तानबा गायकी शाळेच्या पायरीवर बसत ओरडला.

कारंज्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. दर रविवारी मी पोरांना टेकड्यांचा नकाशा वाचायला शिकवतो; त्यातली एकेक तपकिरी रेघ एकाच उंचीवरून जाते. त्या दिवशी सकाळीच तानबाची गवळाऊ गाय, चांदी, कळपातून निसटली. पहिलंच वेत, दिवस भरलेले आणि टेकडीत बिबट्याचा वावर. तानबाची नात वर्षाली हिनं नकाशात गाय व्यायला जाईल अशी नाल्याकाठची सपाट जागा शोधली आणि आजाला डाव्या हाताला धाडलं. तिथं निघाला नुसता खडक.

“आबाजी, रेघा दूर दूर असल्या का जमीन सपाट. गुरुजींनंच सांगतलं,” वर्षाली रडकुंडीला आली.

“मंग सपाटी नेली कोनं?”

तानबानं नकाशा ओढून घेतला. अक्षरं पार उलटी. पोरं फिदीफिदी हसली. “तानबाजी, उलटा धरला, उलटा!”

“हसा लेकहो! मले वाचता कुठं येते? टेकडी समोर हाये, तं कागदातली टेकडीबी समोरच पायजे.” तपकिरी रेघांवरून फिरणारं त्याचं बोट थबकलं. “गुरुजी, ह्या तं ढोरायच्या वाटा! ढोर उभं चढत नाई, आडवंच चालते. ह्या रेघा तशाच चालून राह्यल्या.”

तीस वर्षं शिकवूनही मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. चूकही माझीच. टेकडी दक्षिणेला, आमची तोंडं तिकडे, आणि नकाशाची उत्तर दिशा मात्र मी वर ठेवायला शिकवलेली. डाव्याचं उजवं झालं होतं.

वर्षाली उडालीच. “आबाजी, डावीकडं नाई, उजवीकडं!”

“पळसाच्या खोऱ्यात? अवो, तिथं तं चांदीची मायबी व्यालती!”

“मंग आधी काऊन नाई गेले?”

“तुह्यावर भरोसा ठेवला ना!”

आम्ही सगळेच पळत सुटलो. खोऱ्यात पवन्या गवत कमरेइतकं. त्यात चांदी उभी, ओलंचिंब पांढरं वासरू चाटत. वासरू उठायचं, पडायचं, परत उठायचं.

“कालवड हाये!” तानबानं टोपी काढून तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

वर्षालीनं तिथंच नकाशा पसरला, टेकडीकडे फिरवला आणि पेन्सिलनं खोऱ्यात एवढंसं वासरू काढलं.

तानबा वाकला. “अन् माय कुठं हाये? एकटं काऊन ठेवलं लेकराले?”

मग वर्षालीनं तपकिरी रेघेवर चांदी काढली. आडवी चालणारी.